मढ्याच्या पिक्चरचा दुसरा भाग

अण्णांना लातूरला आणायला मी सांगितलं. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे सोयीस्करपणे विसरून जाईन.

कंधारहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी डब्यासाठी पोळ्या लाटत होते. "अक्का, अण्णा पडले. मोरीतून येता येता पडले. तोंड वाकडं झालंय, बोलून न्हाई राहिले." कंधारहून नांदेड एका तासावर. लातूर अडीच तासांवर, तेही रस्ता धड असेल तर. पण लातूरला मी होते, माझ्या ओळखीचे डॉक्टर होते, आणि सगळं मलाच कळतं हा माझा जुना आजार. मी शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूला रक्त मिळालं नाही तर काय होतं, याची आकृती दर वर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढते. तरी मी म्हणाले, "नांदेडला कोण आहे आपलं? इकडं घेऊन ये." भाऊ नुसतं "हाव" म्हणाला. मोठ्या बहिणीला उलटून बोलायची आमच्या घरात रीत नाही. असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी कागद पाहिले, मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, "तास-दीड तास आधी पोचला असतात तर..." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. भाऊ शेजारी उभा होता. तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते.

आयसीयूत भेटायची वेळ ठरलेली होती. सकाळी अकराला दहा मिनिटं, संध्याकाळी पाचला दहा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. भाऊ म्हणाला, "तूच जा अक्का. माझ्यानं न्हाई बघवत." म्हणजे दिवसाची वीस मिनिटं माझी. अण्णांच्या तोंडात नळी होती, नळीला मशीन होतं. मशीन हवा ढकलायचं आणि अण्णांची छाती वर यायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोला. ऐकू येत असेल, नसेल, बोलण्यानं नुकसान काही नाही."

काय बोलायचं? आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे बीपीची गोळी घेतली का आणि नळाला पाणी आलं का. पहिल्या दिवशी मी नुसतं "अण्णा, अण्णा" म्हणत राहिले. संध्याकाळी तेही जमेना, म्हणून गप्प उभी राहिले, आणि मग मशीनचा आवाज कानावर आला. खट्, फुस्, खट्, फुस्, एका लयीत. हा आवाज अण्णांना परका नव्हता. उभा जन्म त्यांनी मशीनच्या आवाजातच काढला होता.

अण्णा कंधारच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. लोकांना वाटायचं, मजा आहे बुवा, रोज फुकट सिनेमा. अण्णा सिनेमा बघायचे ते भिंतीतल्या वीतभर झरोक्यातून, आणि ऐकायचे काहीच नाहीत, कारण केबिनमध्ये प्रोजेक्टरच्या दोन मशीनचा खडखडाट. मारामारी कळायची, नाचगाणं कळायचं, बोलणं कळायचं नाही. ते सांगायचं काम माझं. खेळ सुटला की मी लोखंडी जिना चढून केबिनमध्ये जायची. अण्णा मशीनच्या दिव्यातल्या जळक्या कार्बनच्या काड्या काढता काढता विचारायचे, "काय म्हणला गं तो शेवटाला?" मी सांगायची. जिथं आठवायचं नाही तिथं पदरचं घालायची. अण्णांना माहीत असलेले निम्मे डायलॉग माझेच असतील.

त्यातला एक सिनेमा होता मढ्याचा. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, इंग्रजीतून हिंदीत केलेला होता, पण गावात सगळे त्याला मढ्याचा पिक्चर म्हणायचे. वाळवंटातला तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा कबरीतून उठतो आणि जिवंत माणसांचे श्वास ओढून घेतो. एक ट्रकवाला आणि जुनी लिपी वाचणारी एक बाई, दोघं मिळून त्याला जाळतात, राख सात मडक्यांत भरतात आणि मडकी नदीत सोडून देतात. हा झाला पहिला भाग. तो मी आईबरोबर पाहिला. आईनं अर्धा सिनेमा पदराआडून पाहिला, आणि घरी येताना म्हणाली, "मेल्यावर बी सुख न्हाई बिचाऱ्याला."

पुढच्या वर्षी आई काविळीनं गेली. आधी झाडपाला, मग मंतरलेलं पाणी, मग दवाखाना, असं करता करता गेली. तिची राख मडक्यात भरून नांदेडला गोदावरीत सोडायला नेली. पोरीबाळींना न्यायची पद्धत नव्हती, पण मी दारात आडवी झाले आणि अण्णांनी मला बरोबर घेतलं. मडकं थोडा वेळ तरंगलं, कलंडलं, बुडालं. धाकट्याला आत्या भोकरला घेऊन गेली. घरात अण्णा आणि मी दोघंच उरलो, आणि आम्हाला दोघांनाही स्वयंपाक येत नव्हता.

अशात मढ्याच्या पिक्चरचा दुसरा भाग आला. ऑटोरिक्षाला भोंगा बांधून गावभर ओरडत होते, राजा पुन्हा जिवंत, राजा पुन्हा जिवंत. टॉकीजच्या भिंतीवर चित्र लागलं. त्यात एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून नदीतून मडकं बाहेर काढत होता. मी त्या चित्रासमोर दप्तर घेऊन किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मी बारा वर्षांची होते, बावळट नव्हते. राख म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. तरी मला तो सिनेमा बघायचाच होता, आणि कशासाठी ते मी कुणालाही सांगितलं नसतं.

सिनेमाची प्रिंट एसटीच्या टपावरून लोखंडी पेट्यांमधून यायची. त्या दिवशी दोन पेट्या यायच्या होत्या, आली एक. दुसरी कंडक्टरनं चुकून लोह्याच्या स्टँडवर उतरवली होती. तीनच्या खेळाला टॉकीज गच्च भरलेली, आसपासच्या गावांतून जीप भरभरून लोक आलेले. अण्णांनी पेटी उघडली. सिनेमा सहा मोठ्या रिळांचा, एकेक रीळ वीस मिनिटांचं. आधीच्या गावातल्या ऑपरेटरनं रिळं हाताला लागतील तशी कोंबली होती. पेटीत एक नंबरचं होतं, दोनचं होतं, पाचचं आणि सहाचं होतं. तीन आणि चार लोह्यात. दुसऱ्या कुठल्या गावात खेळ रद्द केला असता. आमच्याकडे गेटवर तिकिटं फाडणारे चाचा म्हणाले, "रद्द केला तर लोक खुर्च्या उपटून नेतील." अण्णा म्हणाले, "लावतो. तुम्ही लोह्याला जा. इंटरवलपर्यंत आणा."

चाचा मालकाची मोटरसायकल घेऊन लोह्याला सुटले, आणि अण्णांनी एक, दोन, पाच, सहा असा सिनेमा लावला. दोनमध्ये लोक मडकी शोधत होते, पाचमध्ये राजा धडधाकट उभा राहून लढाई करत होता. कुणी विचारलं नाही की हा उठला कधी. पहिल्या भागातलाच असेल, असं लोकांनी आपलं आपण जुळवून घेतलं. सहाव्या रिळात त्या बाईनं राजाचा काळा आरसा फोडला आणि राजाची पुन्हा राख झाली. वाऱ्यानं राख उडाली. पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकू लागली, अण्णांनी दिवे लावले, लोकांना वाटलं इंटरवल झाला, आणि सगळे भजी खायला बाहेर गेले.

मी खुर्चीतच बसून होते. मला रडायला येत होतं आणि मी दात आवळून धरले होते.

इंटरवलनंतर तीन आणि चार. नदीतून काढलेली मडकी डोंगरावर एकेक करून उपडी केली. राख राखेला मिळाली. आधी हात झाला, मग छाती, चेहरा सगळ्यात शेवटी. राजा किल्ल्याच्या बुरुजावर गेला, त्यानं लांब श्वास घेतला, डोळे उघडले, आणि पडदा पांढरा झाला. मग मागून शिट्टी आली, आणि मग टाळ्या थांबेनात. कुणी तक्रार केली नाही. कशी करतील? राजा मेला, राख झाली, राख जमवली, राजा उठला. गोष्ट सरळच तर होती.

मी जिना चढून केबिनमध्ये गेले. त्या दिवशी डायलॉग सांगायचं सुचलंच नाही. विचारलं, "अण्णा, राजा उठला ना शेवटी?" अण्णा घामानं भिजले होते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "उठला. बघितलंस न्हवं तू?"

सिनेमा आठवडाभर चालला. मी रोज शाळा बुडवून तीनच्या खेळाला बसले. आठवडाभर रोज राजा शेवटी उठला.

पुढे कॉलेजसाठी लातूरला आले तेव्हा होस्टेलमध्ये एकदा या सिनेमाचा विषय निघाला. मी म्हणाले, शेवटी राजा जिवंत होतो. मुली हसायला लागल्या. अगं, राजा मरतो, राख होते त्याची, आम्ही टीव्हीवर पाहिलाय. मी पैजा लावल्या, भांडले, आणि मग हळूहळू माझं मलाच कळलं की आमच्या गावात काय झालं होतं. इतकी लाज वाटली की मी एसटीडीच्या बूथवरून टॉकीजवर फोन लावला आणि अण्णांवर ओरडले. तुम्ही रिळं उलटसुलट लावली, माझं हसं झालं, राजा मरतो शेवटी. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या लातुरात मरत असंल. आपल्या कंधारात न्हाई मेला."

तेव्हापासून घरात ते वाक्यच होऊन बसलं. लातूरहून मी काहीही सांगावं, भाव वाढलेत, पाऊस नाही, कॉपी पकडली, की अण्णा म्हणायचे, तुमच्या लातुरात असंल, आपल्या कंधारात न्हाई. टॉकीज बंद पडली, तिचं सिमेंटचं गोदाम झालं, तरी हे चालूच राहिलं.

तर आयसीयूतल्या त्या संध्याकाळी मशीनचा आवाज ऐकताना मला एकदम सुचलं. रीळ वीस मिनिटांचं, भेटायची वेळ वीस मिनिटांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात बसून तो सिनेमा मोबाईलवर शोधला. पहिली वीस मिनिटं बघितली, पेपर तपासायच्या गठ्ठ्यातल्या एका कोऱ्या पुरवणीवर टिपणं काढली, आणि आत जाऊन अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अण्णा, मढ्याचा दुसरा भाग लावलाय. काय बोलतात ते सांगते." अर्धं रीळ सकाळी, अर्धं संध्याकाळी. शेजारच्या खाटेपाशी काम करणाऱ्या सिस्टर एकदा थांबून ऐकू लागल्या. मला वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, "सांगा, सांगा. मग ट्रकवाल्याचं काय झालं?"

आणि मी मनाशी एक हिशेब बांधला. कुणाला सांगितला नाही, पण बांधला. जोवर सिनेमा संपत नाही तोवर अण्णा जायचे नाहीत. वर्गात मुलांना अंधश्रद्धेवरचा धडा शिकवणारी बाई मी. मला माझीच शरम वाटत होती आणि तरी मी त्या हिशेबाला घट्ट धरून होते, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

दुसरं रीळ सांगून झालं त्या संध्याकाळी मी सवयीनं म्हणाले, "रीळ संपलं, अण्णा." आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. रीळ संपत आलं की याच हातानं ते पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनचा दांडा ओढायचे. मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी टॉर्च मारला, तळपायाला किल्ली ओढून पाहिली आणि म्हणाले, "असं आपोआप होतं कधीकधी. फार अर्थ काढू नका." मी बाहेर येऊन भावाला सांगितलं की अण्णांनी अंगठा हलवला, डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे. सरळ खोटं बोलले. भावाचा चेहरा इतका उजळला की मला तिथून उठून जावं लागलं.

तिसऱ्या रिळापाशी मी अडले. मोबाईलवर सिनेमा सरळ होता. तीन, चार, पाच, सहा अशी गेले तर शेवटच्या दिवशी राजाची राख होणार होती, आणि ती माझ्या तोंडून, अण्णांच्या कानात. मी जिन्यात बसून बोट फिरवत सिनेमा पुढे ढकलला. कंधारात लागला होता तसाच लावायचा. आधी पाच, मग सहा. सहाव्याच्या दिवशी राजा जळाल्याचं कसंबसं सांगितलं. मी घाईघाईनं म्हणाले, "इंटरवल झाला, अण्णा. अजून हाय. जाऊ नका कुठं." अंगठ्याकडे बघत दहा मिनिटं संपवली. अंगठा पुन्हा हलला नाही.

त्याच संध्याकाळी टॉकीजच्या गेटवरचे चाचा कंधारहून एसटीनं आले. आता पार वाकले आहेत, काठी लागते. ते बाकड्यावर बसले, पाणी प्यायले. मी त्यांना म्हणाले, "चाचा, मी अण्णांना तो पिक्चर सांगून राहिले. पेटी लोह्यात राहिली होती तो. आपल्याकडं आला तसाच उलटा सांगतेय."

चाचा थोडं हसले. "बेटी, पेटी राहिली ती पहिल्या दिवशी. त्याच दिवशी इंटरवलला आणली की मी. दुसऱ्या दिवशी सगळी रिळं होती केबिनमंदी, नंबरानं लावून ठिवली होती. मी म्हणलो, आता तरी सरळ लावा. तुझे अण्णा म्हणले, न्हाई. लेक येऊन बसती रोज. आताच मायची राख सोडून आलीया. तिच्यासमोर मढं परत जाळू का?"

चाचांनी काठी बाजूला ठेवली.

"मालकानं विचारलं तर म्हणले, कंपनीकडूनच असा आलाय. नोकरी गेली असती. आठ दिवस, रोज तीन खेळ, असाच लावला. मला म्हणले, पोरीला सांगू नका."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. या माणसानं माझ्यासाठी एका राजाला मरू दिलं नाही, आणि मी त्याच माणसाला अडीच तास रस्त्यावर ठेवलं होतं. नांदेडपेक्षा जवळ दुसरं काही नव्हतं. हे कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ज्याला सांगावं असं जे एक माणूस होतं ते आत नळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायच्या वेळेआधीच डॉक्टरांनी दोघांना खोलीत बोलावलं. त्यांनी सगळं नीट, सावकाश समजावून सांगितलं. डोळ्यांच्या बाहुल्या हलत नाहीत. स्वतःचा श्वास नाही. आता जे चाललंय ते मशीन चालवतंय. घरी न्यायचं असेल तर बरेच लोक नेतात.

भाऊ म्हणाला, "घरीच नेऊ अक्का. लातुरात नको."

"दोन दिवस थांब," मी म्हणाले. "दोनच रिळं राहिलीत."

"कसली रिळं?"

जिन्यात बसून मी त्याला सगळं सांगितलं. पेटी, आई, मडकं, होस्टेल, अंगठा, आणि अंगठ्याबद्दल बोललेलं खोटं. त्यानं तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता, तो तेव्हा भोकरला होता. अण्णांचं ते वाक्य मात्र त्यानं वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि ते कुठून आलं हे त्याला आज कळत होतं. तो बराच वेळ भिंतीवरचा चुना नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "मग गाडीत सांग. वाट अडीच तासाची हाय."

त्यानं टोचायला म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

मी सही केली. अण्णांच्या तोंडातली नळी मशीनपासून सोडवून तिला रबरी फुगा लावला. तो हातानं दाबत राहिलं की आत हवा जाते. ॲम्ब्युलन्समध्ये फुगा दाबायला एक माणूस होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. सिस्टर गाडीपर्यंत आल्या. मी त्यांना म्हटलं, राजा शेवटी उठतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं."

सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे भेटायचीच वेळ. मी ठरवलं होतं की तिसरं रीळ अहमदपूर सुटल्यावर सुरू करायचं, म्हणजे चौथं कंधारात संपेल. तोवर मी अण्णांचा हात धरून बसले. चाकूरपाशी भाऊ म्हणाला, "काका, मी दाबतो जरा," आणि त्यानं फुगा हातात घेतला. आयसीयूत एकदाही आत न आलेला माझा भाऊ आता अण्णांच्या तोंडावर वाकून एक-दोन-तीन मोजत होता. चाकूर मागे पडलं. पुढे थोड्या अंतरावर त्या माणसानं अण्णांच्या गळ्याला दोन बोटं लावली. पुन्हा लावली. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "ताई, ठोके न्हाईत."

भावाचा हात थांबला.

"दाब," मी म्हणाले. "गाव येईपर्यंत दाब."

"अक्का..."

"दाब म्हणते ना."

त्यानं दाबला. अहमदपूर यायचं होतं, पण आता मला थांबवेना. मी पुरवणी काढली आणि अण्णांच्या कानाशी वाकले. इंटरवल संपला, अण्णा. आता तिसरं रीळ. नदीत माणसं उतरलीत, मडकी काढून राहिलीत. म्हातारा म्हणतो, सहा मिळाली, सातवं कुठंय. अहमदपूरचा चौक आला, हॉर्न वाजले, मी मोठ्यानं बोलू लागले. डोंगरावर मडकी उपडी केली. आता हात झाला, अण्णा. आता छाती. गाडी नांदेड जिल्ह्यात शिरली. टिपणं संपली तिथं मी पदरचं घालायला लागले, लहानपणी घालायची तसं. राजाला जे जे बोलायला लावता येईल ते मी लावलं. त्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. भाऊ एका लयीत फुगा दाबत होता, खट् नाही, नुसतं फुस्, फुस्, आणि त्याच्या नाकावरून घाम अण्णांच्या गळ्यावर पडत होता.

कंधार आलं. किल्ल्याचा खंदक गेला. टॉकीजच्या वळणावर गाडी हळू झाली. अर्धं शटर वर होतं, आत सिमेंटच्या गोण्या होत्या. मी म्हणाले, "राजा बुरुजावर गेला, अण्णा. लांब श्वास घेतला. डोळे उघडले." आणि मी अण्णांच्या डोळ्यांकडे बघितलं. मला खरंच वाटलं होतं. शेवटच्या त्या क्षणापर्यंत मला खरंच वाटलं होतं. डोळे मिटलेलेच होते. मी म्हणाले, "रीळ संपलं, अण्णा," आणि भावानं फुगा सोडला.

दारात माणसं जमली होती. भोकरहून आत्या आली होती. अण्णांना अंगणात चटईवर ठेवलं. आत्या त्यांच्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठं गेला रे जीव?" आमच्याकडे हे विचारतातच. घरी गेला की वाटेत, परक्या गावात की आपल्या दारात, हे सगळ्यांना लागतं. घरी गेला म्हटलं की माणसं हळू मान हलवतात, सोनं झालं म्हणतात.

भाऊ लगेच म्हणाला, "घरी आत्या. इथं, दारात आणल्यावर." म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. इतके दिवस त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नव्हता, आणि आता चार लोकांत तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, लोकांनी लातूरचं नाव काढू नये म्हणून.

"न्हाई आत्या," मी म्हणाले. "चाकूरच्या पुढं गेले. लातूर जिल्ह्यातच गेले. नांदेड जवळ होतं, मी लातूरला न्यायला लावलं."

आत्या माझ्याकडे बघत होती. भावानं मान वर केली, अण्णांकडे बघितलं, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं.

"हाव आत्या," तो म्हणाला. "तिकडं लातुरात गेले. आपल्या कंधारात न्हाई."